विवाहित मुली वगळून

लातूर
२५ डिसेंबर २००४

चि. महामाया हिला आनंदराजचा सप्रेम जयभीम.

बापू बरे आहेत. हे आधी लिहितो, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुझ्या मनात पहिलं तेच येणार. साडेसात वर्षांत मी तुला एकच कागद पाठवला, तुझी वहिनी गेली तेव्हाची तार. तू आली नाहीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

कामाचं लिहितो. गेल्या सोमवारी दिल्लीत राज्यसभेत वारसा कायदा दुरुस्त करणारं विधेयक मांडलं गेलं. नाव हिंदू वारसा कायदा असलं तरी आपण बौद्धही त्याच कायद्याखाली येतो. हे इथं कोर्टात अर्ध्या पक्षकारांना समजावून सांगावं लागतं, म्हणून तुलाही सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून वाटा, असं त्या विधेयकात आहे. पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं आहे. धर्माबादच्या मार्केट यार्डात पेपर वाचणारी चार माणसं असतीलच, आणि पाहुण्यांना वजनकाट्यापाशी गाठून 'तुमच्या बायकोची लातूरला दीड एकर हाय की' म्हणणारा एखादा तरी निघेलच. तर त्यांना सांग, विधेयकातच लिहिलंय की कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. आपल्या राज्यानं चौऱ्याण्णव साली असाच कायदा केला होता, त्यातही हेच होतं. विवाहित मुली वगळून. वकीलसाहेबांकडं चौदा वर्षं मुनशीगिरी करतोय, एवढं तरी मला वाचता येतं.

म्हणजे तुझ्यामाझ्यात काही बदलत नाही. तुझं लग्न त्या वर्षी भूकंपामुळं घाईत उरकावं लागलं, त्यात कुणाचा काही डाव नव्हता, हेही ओघानं लिहून ठेवतो.

आज्यानं रेल्वेत गँगमन म्हणून हाडं झिजवून घेतलेली ती दीड एकर आता ओळखू येणार नाही. तू शेवटची आलीस तेव्हा नुसता पाया खणलेला होता. आता बावीस खोल्या आहेत आणि चव्वेचाळीस मुली. बारावीच्या, आणि डॉक्टरकीच्या सीईटीला दुसऱ्यांदा बसणाऱ्या. परभणी, कंधार, देगलूर, कुठून कुठून येतात. लातूर म्हणजे आता शिकवण्यांचं गाव. चहाच्या टपरीवर पुढाऱ्यांपेक्षा फिजिक्सच्या सरांची चर्चा जास्त. पहाटे पाचला पोरी पाठीवर दप्तरं टाकून निघतात आणि अंगणातून जाताना माझ्याकडं कुणी बघतही नाही. मी त्यांचा काका. म्हणजे बल्ब गेला, मोरी तुंबली, तेवढ्यापुरता. स्वयंपाकाला पार्वतम्मा आहे, बिदरकडची. ती निम्मं कानडीत बोलते आणि उरलेलं भांड्यांशी.

उत्तर पाठवशील अशी अपेक्षा नाही. पाठवलंस तर बरं वाटेल.

तुझा
दादा


लातूर
१५ एप्रिल २००५

चि. महामाया हिला सप्रेम जयभीम.

पत्र तुला मिळालं, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. पोचपावतीवर तुझी सही आली आहे, बारावीच्या वह्यांवर करायचीस तशीच, शेवटी रेघ ओढून. मुनशीनं पोचपावती फायलीला लावायची असते. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला गेला तेव्हा पार्वतम्मानं काढून दिली.

काल जयंती झाली. बापूंना पांढरा सदरा घालून पुतळ्यापर्यंत नेलं, तिथं एका दुकानापुढं खुर्ची मागून बसवलं. गुडघे गेलेत, पण घोषणा झाली की अजून हात वर जातो. लग्नानंतर पहिली तीन वर्षं तू जयंतीला न चुकता यायचीस, ते लोकांच्या लक्षात आहे. वेशीजवळच्या गंगम्मानं विचारलंच, "लेक न्हाई आली का औंदा?"

"येईल की," बापू म्हणाले. दर वर्षी हेच म्हणतात.

सत्त्याण्णवचं तू मनात धरून बसली आहेस, हे मला कळतं. तू दोन वर्षांच्या पोरीला घेऊन आलीस, म्हणालीस, सरकारी दवाखान्यात नर्सिंगला नंबर लागतोय, पाहुण्यांची ना नाही, तीन वर्षं मला आणि पोरीला इथं राहू दे. मी म्हणालो, बांधकाम चाललंय, जागा नाही. खरंच नव्हती. तू पाणी प्यालीस आणि दुपारच्या नांदेड गाडीनं गेलीस. बापू स्टँडपर्यंत चालत आले होते. तेव्हा चालता यायचं त्यांना.

एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. मार्चमध्ये वकीलसाहेबांच्या कामासाठी नांदेडला आलो होतो. काम दुपारीच संपलं. स्टेशनवर चहा घ्यायला गेलो तर धर्माबादकडं जाणारी गाडी समोर उभी. तिकीट काढलं, बसलो. मुदखेड गेलं. मग विचार करायला लागलो की दारात उभा राहून पहिलं वाक्य काय म्हणायचं. दुसऱ्याचे दावे, कैफियती लिहून देणारा माणूस मी, पण एक वाक्य जुळेना. उमरीला उतरलो आणि उलट्या गाडीनं नांदेडला आलो. शेजारच्या बाईनं विचारलं होतं, "कुठं निघालाव दादा?" मी म्हणालो, "बहिणीकडं." तेवढं एक खरं बोललो.

तुझा
दादा


लातूर
२९ मे २००५

चि. महामाया हिला सप्रेम जयभीम.

डिसेंबरात लिहिलं होतं की काही बदलत नाही. ते आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. विधेयक संसदेच्या समितीपुढं गेलं आहे आणि बायकांच्या संघटनांनी जोर धरला आहे की लग्न झालेल्या मुलींना वगळू नका. लग्न झालं म्हणून मुलगी बापाची मुलगी राहत नाही का, असा त्यांचा सवाल. वकीलसाहेब म्हणतात, हे होणार. बाररूममध्ये सगळ्यांचे चेहरे पडलेत. बहीण नाही असा वकील तिथं एकही नाही.

आता मी काय केलं ते ऐक. मी सांगितलं नाही तर बापू सांगतील, कुणाच्या तरी हाती तुला निरोप पाठवून.

विधेयकात एक तारीख आहे, वीस डिसेंबर. त्याच्या आधी जमिनीची वाटणी झाली असेल तर ती तशीच राहणार, तिला कुणी हात लावू शकत नाही. कोर्टाच्या आवारात लिंबाजी स्टॅम्पव्हेंडर बसतो. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मुनशीजी, माझ्याकडं नोव्हेंबरच्या तारखेचा कोरा स्टॅम्प हाय. तुमच्यासाठी ठिवलाय." सध्या त्याच्याकडं रांग लागली आहे. सगळ्या तालुक्यातले भाऊ एकदम नोव्हेंबरात जाऊन वाटण्या करताहेत.

मी तो स्टॅम्प घेतला. घरी आणला, बापू आणि मी अशा दोघांत वाटणी झाल्याचं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तुझं नाव कुठंच नाही, कारण नोव्हेंबरात ते असायचं कारणच नव्हतं. शाईचं पॅड घेऊन बापूंकडं गेलो. त्यांना वाटलं पेन्शनचं काही आहे. अंगठा पुढं केला, मग थांबले.

"कशाचा हाय?"

मी सांगितलं. माझी चूक तीच झाली, की तारखेचं सगळं नीट समजावून सांगितलं. पक्षकाराला सांगतो तसं. वीस डिसेंबर म्हणजे काय, नोव्हेंबर कशाला, सगळं.

बापूंनी पॅड बाजूला सारलं. मग म्हणाले, "चौऱ्यान्नवला बी तू असाच तारीख घिऊन आला हुतास. तवा म्हनलास, शेडात तरनी पोर कशी ठिवायची. तवा बी कायदा हुता का रे असाच?"

मी पॅडचं झाकण लावलं.

"मला लिहिता येत न्हाई, पन हिशेब येतो," बापू म्हणाले. "अंगठा न्हाई देत मी. लेकीला बोलीव. तिच्या म्होरं देतो, कशावर बी."

मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याला आता आठवडा होत आला. जेवण पार्वतम्माच्या हातून घेतात, माझ्या हातून घेत नाहीत. एकाच घरात दोन माणसं आणि दोन्ही मुकी. शेवटी परवा मुलींच्या खोल्यांकडं उगाच चक्कर मारली, कुणाचा बल्ब गेलाय का बघायला. एकीचाही गेला नव्हता.

वकीलसाहेब म्हणतात, दुसरा रस्ता सरळ आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचं. साडीचोळी करायची, सही घ्यायची, सगळेच करतात. तर महामाया, तू ये आणि सही दे, असं या पत्रातून तुला विचारतो आहे. हे पत्र नीट वाच. दुय्यम निबंधकांसमोर स्वतः यावं लागतं. फोटो निघतो, अंगठा घेतात. पोस्टानं चालत नाही.

तुझा
दादा


लातूर
१२ जून २००५

चि. महामाया,

आज तारीख काय आहे ते तुला सांगायला नको.

मागचं पत्र टाकून आलो आणि मलाच माझी किळस आली. पण एक गोष्ट कळली. पत्रात 'स्वतः यावं लागतं' हे मी दोनदा लिहिलं होतं. एकदा खोडलं, परत लिहिलं. मला जमीन सोडवून घ्यायची होती की तू यायला हवी होतीस, हे माझं मलाच ठरवता येईना. तू आली असतीस तर निबंधकाच्या ऑफिसातल्या बाकावर आपल्याला निदान दोन तास शेजारी बसावं लागलं असतं. तिथं कधीच लवकर नंबर येत नाही. माझ्यासारख्या माणसाला बहिणीला बोलवायला सरकारी कारण लागतं.

आता जे खरं आहे ते लिहितो. एकदाच लिहितो, मग तुला काय करायचं ते कर.

भूकंप सप्टेंबरात झाला. घराला तडे गेले, आपण शेतात पत्र्याच्या शेडात राहायला गेलो, तिथं कंदिलावर तू बारावीचा अभ्यास केलास. पहाटे चारला उठायचीस, कारण साडेपाचला शिकवणी, आणि चार वाजता जमीन पुन्हा हलेल म्हणून तशीही कुणाला झोप नव्हती. परीक्षा झाली. सर म्हणाले होते, ही पोरगी डॉक्टर होते बघा. मी ते ऐकलं होतं आणि मला अभिमान वाटला होता. हे खोटं नाही.

मे महिन्यात वकीलसाहेबांनी टाईप करायला एक कागद दिला. त्यात होतं की राज्यात नवा कायदा येतोय, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा, पण आधी लग्न झालेल्या मुलींना नाही. कधी लागू होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेब सहज म्हणाले, "मुनशीजी, तुमच्या घरी आहे का कुणी लग्नाची?" बस, एवढंच. त्यांनी काही सुचवलं नाही. सुचलं ते मला.

बापूंना मी भूकंप दाखवला. पत्र्याचं शेड, दाराला कडी नाही, आजूबाजूला कोण कुठून आलेलं. तेव्हा किल्लारीकडं, औशाकडं लोक घाईघाईनं मुली उजवतच होते, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. बापू खरंच घाबरले होते. तो घाबरलेला बाप मी वापरला. माय आधीच गेली होती. ती असती तर तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं असतं. धर्माबादचं स्थळ मी नऊ दिवसांत आणलं. माणूस चांगला निघाला हे तुझं नशीब, माझी अक्कल नाही, मी फक्त तारीख बघितली होती.

लग्न बारा जूनला लागलं. त्या दिवशी तुला अठरा पूर्ण होऊन एकवीस दिवस झाले होते. ते मी आधीच मोजून ठेवलं होतं, कुणी बालविवाह म्हणू नये म्हणून. कायदा बावीस जूनला लागू झाला. दहा दिवसांनी. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. विचारलं तर म्हणालो, बहिणीचं लग्न झालं.

पुढच्याच आठवड्यात तुझा निकाल लागला. ऐंशी टक्के.

सत्त्याण्णव साली जागा होती. पाया खणला होता हे खरं, पण जुन्या घराच्या दोन खोल्या डागडुजी करून मोकळ्याच होत्या. बाररूममध्ये म्हणतात, माहेरी राहायला आलेली लेक परत उठत नाही. मला तीन वर्षं दिसली नाहीत, मला पुढची तीस दिसली. म्हणून म्हणालो, जागा नाही.

आणि हे सगळं कुणासाठी? आम्हाला मूलबाळ झालं नाही. तुझी वहिनी शेवटच्या आजारात म्हणाली होती, "एवढी राखलीत, आता कुनाच्या नावानं करता?" मी तिला गप्प केलं. सात वर्षं मी त्या दीड एकरावर डॉक्टर व्हायला निघालेल्या दुसऱ्यांच्या पोरी सांभाळतोय. जून आला की नव्या येतात. परवा कंधारची एक आली, बारकी, डोळ्याला चष्मा. तिच्या बापानं माझ्यापुढं हात जोडले, "पोर तुमच्या हवाली करून चाललो." मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

नोव्हेंबरचा स्टॅम्प मी चुलीत घातला. पार्वतम्मा ओरडली, भाकरीला धूर लागला म्हणून.

आनंदराज


लातूर
१७ ऑगस्ट २००५

चि. महामाया हिला सप्रेम जयभीम.

पोचपावती आली. तुझ्या सहीपलीकडं काही आलं नाही. ठीक आहे.

काल राज्यसभेत विधेयक मंजूर झालं. विवाहित मुली वगळून, ते वाक्य काढून टाकलंय. सगळ्या मुली. तूही. अजून लोकसभा व्हायची आहे, मग राष्ट्रपतींची सही, मग राजपत्र. महिना धरून चाल.

महिनाभर माझ्याकडं आहे, असं मी रात्रीपासून मोजतोय. हे जरा समजून घे. कायदा लागू झाल्यावर तुझा वाटा कायदा देईल. मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. पण आज, या घडीला, तुझा त्या जमिनीवर कागदोपत्री काहीच हक्क नाही, आणि आजच जर मी आणि बापूंनी मिळून तुझ्या नावानं करून दिली, तर ते भावानं दिलेलं होईल. मला ते द्यायचं आहे. निम्मी जमीन, अकरा खोल्या, विहिरीकडची बाजू. मसुदा तयार आहे. माझ्या आयुष्यात मी एवढा चांगला मसुदा लिहिला नाही, वकीलसाहेबांनी एकही शब्द बदलला नाही.

बापूंना वाचून दाखवला. पावणेतीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "बामनी शब्द लई घातलेस. पन बरा हाय."

तीस ऑगस्टला मंगळवार आहे. सकाळी अकराला दुय्यम निबंधक कार्यालयात ये. पाहुण्यांना आण, भाचीलाही आण. दोन फोटो आण. साक्षीदारांचं मी बघतो. नांदेडहून सातची गाडी धरलीस तर लोहा, अहमदपूर करत वेळेत पोचशील. स्टँडवर मी असेन.

माझं ऐक, एवढं एकदा ये.

तुझा
दादा


लातूर
३१ ऑगस्ट २००५

महामाया,

काल साडेनऊपासून स्टँडवर होतो. नांदेडच्या तीन गाड्या आल्या. मग निबंधक कार्यालयात जाऊन बसलो, म्हटलं परस्पर तिकडं जाशील. बापूंना रिक्षानं आणलं होतं, नवं धोतर नेसून. शेजारी तुझ्यासाठी जागा धरून मी पिशवी ठेवली होती, ती तीनदा कुणी ना कुणी उचलायला सांगितली. साडेपाचला शिपायानं पंखे बंद केले.

परवा लोकसभेतही मंजूर झालं. आता फक्त सही.

बापू रिक्षात म्हणाले, "तिला तुझं देनं नको असंल."

मी म्हणालो, "मग काय पाहिजे तिला?"

"तिलाच इचार की. का तेला बी स्टॅम्प लागतो?"

म्हणून विचारतो. काय पाहिजे तुला?

दादा


धर्माबाद
४ सप्टेंबर २००५

दादास जयभीम.

तुझी सगळी पत्रं मिळाली. बारा जूनचं मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मी तर समजत होतो मला बघून पसंत केलं."

मला वाटायचं, मी शिकले असते तर हाताबाहेर गेले असते, अशी तुला भीती होती. मला वाटायचं, बापूंना मी जड झाले. अकरा वर्षं मी माझ्यातच काहीतरी शोधत होते, कुठं चुकलं म्हणून. घरच्यांनी एवढ्या घाईनं काढून दिलं म्हणजे आपणच कुठंतरी कमी पडलो, असं पोरीला वाटतं दादा. तू म्हणतोस फक्त तारीख होती.

तीस तारखेला मी तयार झाले होते. पोरीची वेणीसुद्धा घातली. स्टेशनवर जाऊन परत आले. तू उमरीला उतरलास, मी गाडीत चढलेसुद्धा नाही.

काय पाहिजे विचारतोस म्हणून सांगते. तू दिलेलं नको. त्या मसुद्यात तू चांगला भाऊ होशील आणि मी जन्मभर तुझे उपकार मानत बसेन. सत्त्याण्णव साली दोन खोल्या मागितल्या होत्या, हात जोडून. आता मागणार नाही आणि दिलेलं घेणारही नाही. कायदा लागू होऊ दे. राजपत्रात आलं की मग येते. तोवर येत नाही.

तू मला लग्न झालेली म्हणून वगळलंस. आता मी लग्न झालेलीच येणार आहे.

बापूंना सांग, गुडघ्याला तीळतेल कोमट करून लावा. थंड लावू नका.

महामाया


लातूर
२५ सप्टेंबर २००५

चि. महामाया,

नऊ तारखेला कायदा लागू झाला. मी राजपत्राची प्रत वकीलसाहेबांच्या टेबलावर वाचली आणि माझा मसुदा मधोमध घडी करून फाडला. आता माझ्याकडं तुला द्यायला काही उरलं नाही. अकरा वर्षं होतं तेव्हा दिलं नाही, आणि द्यावंसं वाटलं तेव्हा ते माझं राहिलं नाही. असा दावा मी आजवर कुणाचा लिहिला नव्हता.

शुक्रवारी तू येऊन गेलीस. मी आठवून आठवून लिहितो आहे, कारण सगळं एका तासात झालं. फाटकातून आत आलीस, माझ्याकडं बघितलंस आणि नजर काढून घेतलीस. बापूंच्या पायाशी बसलीस. ते रडले, तू रडली नाहीस, त्यांचे गुडघे चोळत बसलीस. मी आणलेलं फरसाण तसंच राहिलं. पार्वतम्मानं ताटलीत भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, ती तू चवीनं खाल्लीस आणि तिला कानडीत काहीतरी म्हणालीस, ती हसली. तुला कानडी कधीपासून येते? हे मला ठाऊक नाही. मला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही.

भाची माझ्यापुढं येऊन उभी राहिली. दहा वर्षांची, आणि उंची तुझी. म्हणाली, "तुम्हीच का आनंदराज मामा?" मी हो म्हणालो. "आई म्हणते तुमचं अक्षर चांगलंय." एवढं बोलून पळाली. मी अजून तेच घोळवतोय.

मग तू एकटी सगळ्या खोल्यांवरून फिरलीस. चष्मेवाली कंधारची पोरगी व्हरांड्यात वाचत बसली होती. तिच्याजवळ तू थांबलीस, पुस्तक बघितलंस, काहीतरी समजावलंस. बायोलॉजी असावं. ती मान हलवत होती. अकरा वर्षं झाली, तरी तुला येतं.

शेवटी जुन्या घराच्या त्या दोन खोल्यांपुढं उभी राहिलीस. तिथं मी जुन्या खाटा टाकल्यात. मला पहिल्यांदाच म्हणालीस, "दादा, याला कुलूप कशाला?"

"रिकाम्या हायत," मी म्हणालो.

"मग काढ."

मी किल्ली शोधायला गेलो. सापडली तोवर तू रिक्षात बसली होतीस. मी धावत आलो. तू म्हणालीस, "नर्सिंगला पस्तीसपर्यंत घेतात. माझी एकोणतीस भरलीत. मी जूनला येते पोरीला घिऊन. माझ्या खोल्यांत राहीन. तुझ्या घरी न्हाई." रिक्षा गेली. बापू खुर्चीवरून हात वर करून होते, जयंतीला करतात तसा.

तू माझ्याशी बोलावंस असं माझं काही म्हणणं नाही. पुढच्या तीन वर्षांत बोललीस तर बोललीस. दोन्ही खोल्या मी रिकाम्या केल्या आहेत, खाटा काढल्या, चुना मारतो आहे. रंग तू आल्यावर तुझ्या मनाप्रमाणं. किल्ली माझ्याकडं ठेवलेली नाही, बापूंच्या उशाशी आहे.

एक सांगायचं राहिलं. लातूरला नळाला आता चौथ्या दिवशी पाणी येतं, पहाटे, अर्धा तास. मोठी टाकी घेऊन ये, किंवा पहिल्या दिवशी माझ्या हौदातलं घे. विचारू नकोस, घे.

आनंदराज